माणसाला बांधलेलं घर

पद्मजाबाईंनी कापडी पिशवीत दोन साड्या, कंगवा आणि औषधांची डबी भरली, पायांत चपला सरकवल्या आणि त्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, चला की. ऊन उतरायला लागलं. घरी जाऊन स्वयंपाक कधी करणार मी?"

सुहास मगदूम पुढच्या खोलीत शेंगा फोडत बसले होते. त्यांनी सूप बाजूला सारलं, गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि त्यांनीही चपला घातल्या. दोघं फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या टोकाला असलेल्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून पुन्हा त्याच फाटकाशी आली.

"आलं बघ घर," सुहासराव म्हणाले.

गेल्या वर्षापर्यंत ही युक्ती चालायची. फाटक दिसलं की पद्मजाबाईंचा चेहरा सैल व्हायचा आणि त्या आत जाऊन कणीक मळायला घ्यायच्या. आज त्यांनी फाटकाकडे पाहिलं, पाटीवर कोरलेलं स्वतःचं नाव सावकाश वाचलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे हो. लोकांच्या दारात किती वेळ थांबायचं?"

त्या घरात त्या एक्केचाळीस वर्षं राहत होत्या.

सन दोन हजार अडुसष्टमध्ये म्हाताऱ्या माणसानं शेवटपर्यंत स्वतःच्या घरात राहणं ही नवलाईची गोष्ट उरली नव्हती. वीस वर्षांपूर्वी, राज्यातला दर चौथा माणूस पासष्टीपलीकडे गेल्यावर सरकारच्या लक्षात आलं की इतके वृद्धाश्रम बांधायला जागा नाही आणि ते चालवायला माणसं तर मुळीच नाहीत. मग धोरणच बदललं. माणसाला हलवायचं नाही, त्याच्या वयाबरोबर घराला बदलत न्यायचं. या स्वगृही योजनेतून सांगलीच्या विश्रामबागेतलं मगदुमांचं घरही बदललं होतं. उंबरे गेले होते. भिंतींना हाताच्या उंचीवर लाकडी कठडे आले होते. फरशी अशी होती, की माणूस पडला तर त्या धक्क्याची जात ओळखून शेजारच्या तीन घरांत आणि फेरीच्या परिचारिकेकडे निरोप जायचा. शेगडीवर दूध विसरलं तर शेगडी आपोआप थंड व्हायची. ज्यांना एवढ्यानंही भागत नसे त्यांच्यासाठी दोन गल्ल्या सोडून एक ‘शेजारघर’ असे: आठ-दहा वृद्धांचं घर, प्रत्येकाला स्वतःची खोली, सामायिक स्वयंपाकघर आणि कुणी ना कुणी कायम हजर. तिथे राहायला गेलं तरी भाजीवाला तोच, देऊळ तेच, ओळखीचे चेहरे तेच.

थोडक्यात, माणसाचं घर सुटू नये म्हणून जे जे करता येईल ते सगळं झालं होतं. आणि पद्मजाबाई त्या घराच्या बरोबर मध्यभागी खुर्चीवर बसून, मांडीवर पिशवी घेऊन, घरी जायची वाट बघत होत्या.

आयुष्यभर त्यांनी इतरांना वाटेला लावलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्या एसटीत वाहतूक नियंत्रक होत्या. सांगलीच्या स्थानकावर कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे त्यांच्या आवाजात साऱ्या जिल्ह्यानं ऐकलं होतं. सुहासरावांचं गणपती पेठेत चष्म्याचं दुकान होतं. लग्नाआधी, नुसता तो आवाज ऐकायला, काही काम नसताना ते स्थानकावर जाऊन चहा पीत बसत. हे त्यांनी पद्मजाबाईंना लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितलं होतं, आणि त्या दिवसभर हसत होत्या.

आता त्यांना नवऱ्याचं नाव ठाऊक असे, लग्नाचं वर्षही आठवे, पण ते खोलीत आले की त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहायच्या. साहेब आल्यावर माणूस उभा राहतो, तशा. घराचं विसरणं सुहासरावांनी सोसलं असतं. हे उभं राहणं त्यांना सोसवत नव्हतं.

म्हणून त्यांनी मिरजेच्या मेंदूविज्ञान केंद्रातल्या डॉ. रेहाना मुजावर यांची वेळ घेतली.

डॉ. मुजावर पन्नाशीच्या होत्या, बुटक्या, सावकाश बोलणाऱ्या. पद्मजाबाईंची तपासणी झाल्यावर त्यांनी त्यांना शेजारच्या खोलीत परिचारिकेबरोबर बसवलं आणि सुहासरावांसमोर मेंदूचं चित्र ठेवलं.

"काका, तुमचं चष्म्याचं दुकान होतं ना? मग तुमच्याच भाषेत सांगते. काकूंचा डोळा चांगला आहे, चष्म्याचा नंबरही बरोबर आहे. समोरची पाटी त्या वाचतात. वाचल्यावर जे वाटायला पाहिजे ते वाटत नाही."

"ते का?"

"आपण कुठे आहोत हे सांगणाऱ्या पेशी मेंदूत असतात, हे जवळजवळ शंभर वर्षांपासून माहीत आहे. स्वयंपाकघरात गेलात की त्यातल्या काही जाग्या होतात, अंगणात गेलात की दुसऱ्या. आमच्या गटाला पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारी आणखी एक पुंजका सापडला, मोहरीच्या दाण्याएवढा. त्या पेशी जागा ओळखत नाहीत. त्या फक्त एकच गोष्ट सांगतात, की इथे मी आपली आहे, इथे अंग सैल सोडलं तरी चालेल. आम्ही त्यांना घरपेशी म्हणतो."

सुहासराव चित्राकडे बघत राहिले. "म्हणजे घर ओळखणं वेगळं आणि घरी असल्यासारखं वाटणं वेगळं."

"अगदी वेगळं. विसरण्याच्या या आजारात घरपेशी फार लवकर गप्प होतात. म्हणून अशी माणसं स्वतःच्या घरात बसून घरी चला म्हणतात. त्यांचं चुकत नाही. त्यांना खरोखरच बाहेर असल्यासारखं वाटत असतं, सकाळपासून झोपेपर्यंत."

यावर उपाय होता, आणि तो आठ वर्षांपासून मिरजेत केला जात होता. तिळाएवढी एक चकती बारीक सुईनं त्या पेशींशेजारी ठेवायची. चकतीला एक खूण शिकवायची. ती खूण जवळ असली की चकती घरपेशींना जागं करणार, दूर गेली की गप्प बसणार. खूण म्हणून एखादी खोली चालत असे, तिचा वास, प्रतिध्वनी, खिडकीतून येणारा उजेड. संशोधनपत्रांत याला ‘स्थानबंध’ असं नाव होतं. केंद्रातले रुग्णांचे नातेवाईक मात्र नुसतं ‘खुंटा’ म्हणत. गाय खुंट्याला बांधली की ती त्या गोठ्याची होते, तसं.

"खूण एकच देता येते," डॉ. मुजावर म्हणाल्या. "दोन दिल्या तर दोन्ही पुसट होतात. आणि एकदा दिलेली खूण आयुष्यात एकदाच बदलता येते. तिसऱ्यांदा हात लावला तर पेशीच मरतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते, शेजारघरातली एक खोली निवडा. आज तुम्ही आहात, घर सांभाळताय. उद्या त्यांना एकटीनं राहावं लागलं तर तिथे त्यांच्याजवळ माणसं असतील."

"खूण म्हणून माणूस चालतो का?"

डॉक्टरांनी मेंदूचं चित्र बाजूला सरकवलं. "चालतो," त्या म्हणाल्या. "चालण्याची लय, आवाज, अंगाचा वास, हे खोलीपेक्षाही नेमकं असतं. आम्ही अकरा जणांना तसा बंध दिलाय. आता मी ते सुचवत नाही."

"का?"

"खोली दुकानात जात नाही, काका. खोली आजारी पडत नाही. आणि खूण बदलायची झाली तर जुनी खूण समोर असावी लागते. घरपेशी जाग्या असतानाच त्यांना नव्या खुणेकडे वळवता येतं. माणूसच गेला, तर तो बंध कायमचा त्याच्याबरोबर जातो. इचलकरंजीचे एक गृहस्थ आहेत. बायकोला बांधले होते. ती अचानक गेली. तीन वर्षं झाली, ते फाटकात उभे असतात. जेवायला आत आणावं लागतं."

त्या आठवड्यात नागपूरहून मुलगी आली. ऋता पूल बांधणाऱ्या कंपनीत होती, तिचा सगळा जन्म भार आणि आधार यांचा हिशेब करण्यात गेला होता.

"बाबा, अख्खा पूल एका खांबावर उभा करताय तुम्ही," ती म्हणाली. "आणि खांब अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे."

"मला काय झालंय?"

"आज काही नाही."

"शेजारघरातल्या खोलीला बांधायचं, म्हणजे तिनं तिथे राहायचं आणि मी इथे. पन्नास वर्षांनंतर हे शिकायचं?"

"तुम्हीही जा ना तिथे राहायला."

"जाईन. पण तिला त्या खोलीत बरं वाटणार. माझ्याजवळ नाही."

ऋतानं वडिलांकडे बघितलं आणि तिला कळलं, की ते आईच्या सोयीबद्दल बोलत नव्हते. तिनं पुढे वाद घातला नाही. संमतीपत्रावर सही करताना सुहासरावांनी इचलकरंजीच्या माणसाचा विचार मनात येऊ दिला नाही. आपण पद्मजाच्या आधी जाणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं, जणू ते ठरवण्यासारखंच होतं.

बंध दिल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ते खोलीत गेले. पद्मजाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "केस किती वाढवलेत. न्हाव्याकडे जात नाही काय?"

सुहासराव वळून व्हरांड्यात गेले आणि तोंड धुऊन परत आले.

त्यानंतरची तीन वर्षं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची होती, आणि ती सुखाची आहेत हे त्यांना त्याच वेळी ठाऊक होतं, हे त्याहून विशेष. पद्मजाबाईंची विसरण्याची खोड गेली नव्हती. ऋताचं नाव कधी आठवे, कधी नाही. पण पिशवी भरणं थांबलं. सुहासराव जिथे, तिथे त्यांचं घर. त्यामुळे एक गंमत झाली. ज्या बाईला स्वतःच्या घरातही थारा नव्हता, ती आता कुठेही जायला तयार असे. दोघं पन्हाळ्याला गेली, नरसोबाच्या वाडीला गेली, कुंथलगिरीला डोलीतून वर गेली. मिरज जंक्शनच्या फलाटावर गाडी दोन तास उशिरा होती, तर पद्मजाबाईंनी बाकाशेजारी चपला काढून नीट जोडून ठेवल्या आणि पाय वर घेऊन बसल्या. शेजारी एक अनोळखी बाई येऊन टेकली, तेव्हा त्या आपल्याच घरात पाहुणी आल्यासारख्या म्हणाल्या, "बसा की निवांत. पाणी देऊ काय?"

कृष्णेच्या घाटावर, एसटीत, डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात, लग्नाच्या मांडवात, त्या सगळीकडे घरी असत. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता. तो पाळताना त्या कुठल्याही पायरीवर डबा उघडून बसत आणि नवऱ्याला वाढत. येणारे-जाणारे बघत. सुहासरावांना आधी संकोच वाटे, मग वाटेनासा झाला. एखाद्या माणसाचं घर असणं म्हणजे काय, हे त्यांना तोवर नीटसं कळलंच नव्हतं. ते नुसते शेजारी येऊन बसत आणि तिचे खांदे खाली येत. इतकं मोठं काम त्यांनी आयुष्यात दुसरं कुठलंच केलं नव्हतं.

त्याची दुसरी बाजूही होती. ते आंघोळीला गेले की पद्मजाबाई न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून बसत. दहा मिनिटांवर वेळ गेली की दार वाजवत. सुहासरावांनी मित्रांकडे जाणं सोडलं, देवळात एकट्यानं जाणं सोडलं. खोलीला भिंती असतात, दार असतं. त्यांना स्वतःला मात्र कुठेही दार उरलं नव्हतं. याची त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मग एका पावसाळ्यात त्यांना जिना चढताना दम लागू लागला. हृदयाच्या तपासणीसाठी चाळीस मिनिटं यंत्रात झोपायचं होतं. पद्मजाबाईंना बाहेर बाकावर बसवून, ऋताला त्यांच्याशेजारी ठेवून ते आत गेले. बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. विसाव्या मिनिटाला पद्मजाबाई उठल्या होत्या. ऋतानं हात धरला तर त्यांनी तो हिसडून काढला होता, त्यांना ती कोण हेच कळत नव्हतं. इस्पितळाबाहेरच्या रस्त्यावर, वाहनांच्या मधोमध, त्या गोल गोल फिरत होत्या आणि भेटेल त्याला विचारत होत्या, "मला घरी सोडता काय हो? मला रस्ता सापडत नाही." दोन रिक्षावाल्यांनी त्यांना कडेला आणलं होतं. सुहासराव जिन्यावरून धावत उतरले. त्यांना बघताच पद्मजाबाई तिथेच, फुटपाथवर, खाली बसल्या आणि श्वास सोडून म्हणाल्या, "कुठे होता?"

तपासणीचा निकाल दोन दिवसांनी आला. हृदयाचा स्नायू थकला होता. या वयात शस्त्रक्रिया झेपणार नव्हती. डॉक्टरांनी अंदाज आठ महिन्यांचा दिला, फार तर वर्षाचा.

सुहासराव डॉ. मुजावरांसमोर जाऊन बसले. या वेळी मेंदूचं चित्र कुणी काढलं नाही.

"किती वेळ आहे माझ्याकडे? बदलायला?"

"तुमचं हृदय चालू आहे तोपर्यंत. पण काका, ते कधी थांबेल हे कुणीच सांगू शकत नाही. उद्याही थांबू शकतं."

"बदलल्यावर माझ्याजवळ असताना तिला काय वाटेल?"

"बंध द्यायच्या आधी वाटायचं तसं. कदाचित थोडं कमी. वळवताना जुन्या खुणेचा माग पुसावाच लागतो, नाहीतर दोन्ही खुणा एकमेकींना ओढत राहतात."

"थोडासा ठेवता येणार नाही? शंभरातला एक भाग?"

डॉ. मुजावरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाही येत."

"ती अजून किती जगेल?"

"त्यांची तब्येत उत्तम आहे. पंधरा वर्षं. वीससुद्धा."

वीस वर्षं रस्त्यावर गोल फिरणारी पद्मजा सुहासरावांना समोर दिसली. तरीही त्यांनी तीन आठवडे काढले. रोज सकाळी ठरवत, आज फोन करू, आणि रोज काही ना काही निघे. एका संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, त्यांनी पद्मजाबाईंनाच विचारायचं ठरवलं. पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारात कुठलीही मोठी गोष्ट त्यांनी विचारल्याशिवाय केली नव्हती.

"पद्मा, समज, मी नसलो तर तू कुठे राहशील?"

"तुम्ही कुठे जाताय?"

"नाही, समज."

पद्मजाबाई ताट पुसत होत्या. त्यांनी थोडा विचार केला. "तुम्ही नसता म्हणजे काय, ते मला कळतच नाही बघा," त्या म्हणाल्या. "डोकं चालत नाही तिथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासरावांनी फोन केला.

शेजारघरातली पूर्वेची खोली मिळाली. ऋतानं तिथे आईचा पलंग, लाकडी फडताळ आणि जुन्या खिडकीचे पडदे आणून लावले. खूण वळवायला दवाखाना लागत नव्हता, ज्या खोलीला बांधायचं तिथेच ते करावं लागे. पद्मजाबाई पलंगावर बसल्या, कानामागे एक पातळ पट्टी लावलेली. सुहासराव त्यांच्यासमोर खुर्चीवर, दोघांचे हात हातांत. डॉ. मुजावर खिडकीशी हातातल्या यंत्राच्या छोट्या पडद्याकडे बघत उभ्या होत्या.

"बोलत राहा, काका. त्यांना तुमच्याजवळ पूर्ण घरी वाटलं पाहिजे. मी सांगेपर्यंत."

सुहासरावांनी स्थानकावरच्या चहाचं सांगितलं, काही काम नसताना बसायचो ते. पद्मजाबाई हसल्या. "आणि मला वाटायचं, या माणसाला रोज कुठे जायचं असतं," त्या म्हणाल्या. हे उत्तर त्यांनी पूर्वी कधी दिलं नव्हतं. सुहासराव थबकले. म्हणजे तिनं तेव्हा आपल्याला बघितलं होतं. चौपन्न वर्षांत हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि आता पुढचं विचारायला वेळ उरला नव्हता.

"आता," डॉ. मुजावर हळूच म्हणाल्या.

काही झाल्यासारखं दिसलं नाही. पद्मजाबाईंचा हात सुहासरावांच्या हातातच होता. पण बोटांची पकड हळूहळू बदलली. आधी तो हात विसावलेला होता, आता तो ठेवलेला होता. थोड्या वेळानं, कुणाला वाईट वाटू नये अशा बेतानं, त्यांनी तो काढून घेतला. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली, फडताळ, खिडकी, कोपरा. त्यांचे खांदे खाली आले.

"हे पडदे धुवायला पाहिजेत," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या माणसाला आपण बसवून ठेवलंय हे लक्षात येऊन म्हणाल्या, "तुम्ही चहा घेणार का?"

त्याच हिवाळ्यात हृदयाच्या स्नायूला बळ देणारं नवं औषध आलं. आधी कुणालाही फार आशा नव्हती. सुहासरावांना ते लागू पडलं. आठ महिने गेले, वर्ष गेलं. त्यांना दम लागणं थांबलं. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा चालत गणपती पेठेत जाऊ लागले. आता चौथं वर्ष चालू आहे. ते पंचाऐंशी वर्षांचे आहेत आणि डॉक्टर त्यांच्या तब्येतीचं कौतुक करतात.

बातमी पक्की झाली तेव्हा ते डॉ. मुजावरांकडे गेले होते. काय विचारायला आले हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"नाही, काका. तिसऱ्यांदा नाही. प्रयत्न केला तर त्यांना कुठेच घर राहणार नाही."

"ठाऊक होतं. तरी विचारावं म्हटलं."

"माझी घाई झाली, असं तुम्हाला वाटत असेल."

"तुमची नाही हो. मीच पहिल्यांदा स्वतःला बांधून घेतलं. ती खोली तेव्हाच घेतली असती, तर बदलायला एक संधी शिल्लक राहिली असती. पण मग ती तीन वर्षं नसती मिळाली."

डॉ. मुजावर म्हणाल्या, "एक सुचवू? तुमच्या घरपेशी अजून शाबूत आहेत. म्हणूनच तुम्हाला इतका त्रास होतोय. तुम्हालाही बंध देता येईल, विश्रामबागेतल्या घराचा. दार उघडून आत गेलात की पूर्ण बरं वाटेल. ही ओढ राहणार नाही."

सुहासरावांनी खरंच विचार केला. रोज संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप काढताना दारातच उभं राहणं थांबलं असतं.

"मग मी तिच्याकडे कशाला जाईन?" त्यांनी विचारलं.

सुरुवातीला ते रोज दुपारी शेजारघरात जात आणि तासभर पद्मजाबाईंसमोर बसत. त्या आदरानं वागवत, हवापाणी विचारत, वाटीत शेंगा ठेवत. त्यांची भूक चांगली होती, झोप शांत होती. फेरीच्या परिचारिकेच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे कधीच काही काळजीचं नसे. नवरा आहे हे त्या विसरल्या असत्या, तर सुहासरावांना बहुधा सोपं गेलं असतं. पण त्या विसरल्या नव्हत्या.

"तुम्ही माझे मालक, हे मला ठाऊक आहे," एक दिवस त्या अचानक म्हणाल्या. "लग्नातला फोटोही आहे माझ्याकडे. तुम्ही मला खूप चांगलं वागवलं असणार, ते तुमच्याकडे बघूनच कळतं. पण राग मानू नका हं. तुम्ही आलात की मला अवघडल्यासारखं होतं. पाहुणे येतात तेव्हा होतं ना, तसं. तुम्ही जाईपर्यंत मला माझ्या घरात नीट बसता येत नाही."

सुहासराव म्हणाले, राग कसला त्यात. त्यांनी वाटीतल्या शेंगा संपवल्या, कारण तशा टाकून उठणं बरं दिसलं नसतं, आणि ते निघाले. पद्मजाबाई त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या आणि "पुन्हा या" म्हणाल्या.

तेव्हापासून ते दार वाजवत नाहीत. दुपारी येतात आणि पूर्वेच्या खोलीबाहेर, खिडकीच्या अलीकडे, व्हरांड्यातल्या बाकावर बसतात. तिथून आतलं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. फडताळाचं दार कुरकुरतं. भांड्यावर झाकण पडतं. कुठे ठेवलं बाई मी ते, असं ती स्वतःशीच म्हणते, आणि सापडल्यावर दोन ओळी गुणगुणते. अनवाणी पावलं पलंगाकडून खिडकीकडे येतात आणि कसलीही घाई नसल्यासारखी परत जातात. आपल्या घरात आपण एकटीच आहोत, कुणी बघत नाही, अशा वेळी बाई जशी वावरते तशी ती आत वावरत असते. सुहासराव डोळे मिटून ऐकतात. तिन्हीसांजेच्या आधी ती अंगणात फेऱ्या मारायला निघते. कडीचा आवाज व्हायच्या आत ते बाकावरून उठलेले असतात.